कुठलं सरी?

दिव्यश्री गायकवाड रिक्षात बसली आणि म्हणाली, "जे. पी. नगर." रिक्षावाला म्हणाला, "सरी." तेवढ्यानं ती चमकून त्याच्याकडं बघू लागली.

सरी म्हणजे बरं, ठीक आहे. शब्द कानडी, पण बेंगळुरूच्या जुन्या मराठी घरांत तो कधीचा मुरलाय. तिचे वडील अप्पासाहेब यांनी चाळीस वर्षं चिकपेटेत साड्या विकल्या. लेकीशी त्यांचा शेवटचा शब्द तोच, सरी.

दिव्यश्री महापालिकेच्या विभागीय कार्यालयात करारावर आहे. शहरांनी आपणहून सामील व्हायचं, आपण हवेत किती कार्बन सोडतो ते मोजायचं आणि तो कमी करून दाखवायचा, असा एक कार्यक्रम आहे. सक्ती कुणाचीच नाही. कुणी रस्त्यावरचे दिवे मोजतं, कुणी ओला कचरा. दिव्यश्रीकडे स्मशानाचा तक्ता आला. चितेऐवजी विद्युतदाहिनी वापरली, की चारशे किलो लाकूड वाचलं असं धरायचं. ती घरोघर जाऊन हे समजावायची, तेही हसवत. "आजोबा, जाताना झाड कशाला सोबत नेताय? तिकडं लावायला जागा नाही म्हणे." म्हातारे खो खो हसायचे आणि 'हो' म्हणायचे.

मग अप्पासाहेबच दवाखान्यात पडले. ती त्यांच्या कानाशी वाकली. "अप्पा, विद्युतदाहिनी चालेल ना? लोकांना सांगत फिरते मी. आपल्याच घरी वेगळं कसं करू?"

मास्कच्या आतून आवाज आला, "सरी."

तिसऱ्या दिवशी ते गेले. तिनं सही केली.

आज तीन महिन्यांनी ती रिक्षातून उतरून त्याच दाहिनीवर पोचली. तिथलं यंत्र चालवणारा मल्लाप्पा मूळचा खानापूरकडचा, मराठी बोलणारा. त्यानं नोंदवही पुढं सरकवली.

"अक्का, सगळं भरलंय. तुमचीच ओळ कोरी आहे बघा."

शेवटच्या रकान्यावर छापलं होतं, 'मृताची इच्छा'. खाली 'हो' नाहीतर 'नाही'. कार्यक्रम ऐच्छिक, म्हणून हा रकाना.

"नंतर भरते म्हणाला होता तुम्ही. कोरी ओळ असली की अख्खा तक्ता परत येतोय, तुमच्या हापिसातले शिवकुमार साहेब ओरडतात. लिवा की 'हो'. स्वल्प काम."

तिनं पेन उचललं आणि परत ठेवलं. "उद्या."

घरी आई, सकवारबाई, अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या. दिव्यश्री शेजारी टेकली.

"आई, अप्पांना विचारलं होतं मी. सरी म्हणाले."

"कुठलं सरी?"

"कुठलं म्हणजे?"

"अगं, मनापासून पटलं की लांब म्हणायचे, सरीऽऽ. आणि गिऱ्हाइकानं घासाघीस करून डोकं खाल्लं की आखूड. सरि. म्हणजे उठा आता. माझी आमटी खारट झाली तरी आखूडच. तुला कुठलं म्हणाले?"

"मास्क होता गं तोंडावर."

"मग तुला काय ऐकू आलं?"

दिव्यश्री सोललेले दाणे वाटीत गोळा करू लागली. सकवारबाईंनी एक शेंग मोडली.

"ह्यांनी स्वतःच्या वडिलांची चिता हातानं रचली होती. जाड ओंडके कुठं, बारीक कुठं, मला चारदा सांगितलं असेल."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तू सही करून आली होतीस."

दुसऱ्या दिवशी ती दाहिनीवर गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कुठंही गेली तरी तो शब्द मागं येई. बसचा कंडक्टर म्हणे, फूलवाली म्हणे, लिफ्टमधली अनोळखी बाई फोनवर म्हणे. प्रत्येक वेळी दिव्यश्री कान लावून मापत राही, लांब की आखूड. न्हाणीघरात कडी लावून ती तळहात तोंडावर धरायची, मास्कसारखा, आणि म्हणून बघायची. एकदा लांब. एकदा आखूड. तळहाताखालून दोन्ही सारखेच यायचे. एकदा तर तो आवाज तिचा वाटला नाही. तिनं घाईघाईनं नळ सोडला.

शिवकुमारचा फोन आला. "काय मॅडम, एक शब्द लिहायला मुहूर्त काढताय?"

ती गेली. मल्लाप्पानं वही उघडून दिली. तिनं रकान्यात लिहिलं, 'ठाऊक नाही. मुलीची इच्छा.'

मल्लाप्पानं बोट ठेवून वाचलं. "असं कुणी लिवत नाही, अक्का."

"मी लिहिलं."

"आतापर्यंत एवढी माणसं सोडली मी आत. कुणाला काय पायजे होतं, मला तरी कुठं ठाव?" त्यानं वही मिटली. "तुम्ही आता हे असलं बोलायला लावू नका मला."

कार्यालयात शिवकुमारनं पान दोनदा वाचलं. "यात 'हो' कुठंय?"

"नाहीये."

"मग ही ओळ काढावी लागेल. चारशे किलो कमी होतील."

"काढा, सर."

तो माणूस वाईट नव्हता. आवाज खाली आणून म्हणाला, "वडीलच ना तुमचे? 'हो' लिहिलं असतं, तर कोण तपासायला येणार होतं?"

त्यानं ओळ काढली आणि तक्ता पाठवून दिला.

संध्याकाळी सकवारबाईंनी दार उघडलं.

"गेला तुझा कागद?"

"गेला."

"त्यात हे आहेत?"

"नाहीत. काढलं त्यांना."

सकवारबाई दार धरून तशाच उभ्या राहिल्या. लेकीच्या मागं, जिन्याकडं बघत.

"लाकडावर नाही. कागदावरही नाही," त्या म्हणाल्या. "मग आहेत कुठं?"

दिव्यश्रीला मागं वळून बघायचा धीर झाला नाही.