अण्णांचा झग्यावाला

कुरुळीत अण्णांकडे खोली भाड्याने हवी असेल तर आधार कार्ड लागायचंच, पण त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे. मी बॅग घेऊन दारात उभा होतो. टीव्हीवर एक वीर झगा फडकवत इमारतींवरून उडत चालला होता. माझ्याकडे न बघताच अण्णांनी विचारलं, "हा येवढा उडतोय, तर ह्याच्याकडं काय न्हाई, सांग."

मी चाचरत म्हणालो, "लायसन?"

अण्णा खूश झाले. "बरं हाय. पण खरं उत्तर येगळं. ह्याला भावकी न्हाई. भावकी आसती तर कवाच पाय धरून खाली ओढला आसता. टाक सामान वरच्या खोलीत."

अण्णा मूळचे कुरुळीचेच. बरीचशी जमीन कंपन्यांकडे गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी खोल्या बांधल्या, आणि चाकणच्या कंपन्यांत लागलेली आमच्यासारखी परजिल्ह्यातली पोरं त्यांत येऊन भरली. शेत उरलं नव्हतं, नोकरी करायचं वय नव्हतं. मग माणसाने करायचं काय? रविवारी दुपारी टीव्ही पडवीत यायचा. आम्ही भाडेकरू सतरंजीवर, आणि खुर्च्या दोन. एक अण्णांची, दुसरी शेजारच्या नानांची. नाना हे त्यांचे चुलतभाऊ. लहानपणी दोघे न्हाव्याच्या दुकानात तिथली चित्रांची पुस्तकं वाचायला मिळावीत म्हणून केस कापून घ्यायचे. त्यामुळे शाळा संपेपर्यंत दोघांची डोकी तुळतुळीत होती, असं गावात सांगतात.

अण्णांचा नियम साधा होता : "पिक्चर बघताना गप बसायचं आसंल तर कीर्तनाला जा." जगाचा नाश करायला निघालेल्या खलनायकाबद्दल त्यांना फार आदर. "झग्यावाला निस्ता उडतो. ह्यानं बघ, कारखाना उभा केलाय, माणसं कामाला लावलीत. पगार येळेवर देत आसणार, तवाच एक बी सोडून जाईना." गॅरेजमध्ये काम करणारा आमचा इरफान रॉक संगीताचा वेडा. त्याने एकदा स्पीकरवर एक किंचाळतं गाणं लावलं. अण्णांनी ते शेवटपर्यंत मान डोलावत ऐकलं आणि म्हणाले, "वाजवत्यात झ्याक. पण त्या गाणाऱ्याचं काय हरवलंय ते आधी शोधून द्या रं कुणीतरी." नाना प्रत्येक मताला "छ्या!" म्हणायचे. त्या "छ्या"शिवाय अण्णांचं मत पुरं होत नसे.

मग एका रविवारी झग्यावाला मेला. डोंगर अंगावर कोसळला आणि सिनेमा संपला. अण्णांनी उपरण्याने डोळे पुसले. "गेला बिचारा."

"छ्या! जातोय कशाचा," नाना म्हणाले. "पुढच्या भागात येतोय बघ."

"नाना, म्या डोळ्यानं बघितला. मेलेलं माणूस परत येत न्हाई."

"मग पिक्चर बघतो कशाला? बातम्या बघ!"

हे वर्मी लागलं. अण्णा म्हणाले, "नीघ." नाना उठले आणि आपली खुर्ची डोक्यावर घेऊन घरी गेले. दोघांचा अबोला सुरू झाला.

आता कुरुळीत दोन चुलतभाऊ बोलेनासे झाले की कारण एकच असतं, जमीन. गावातली चार वडीलधारी माणसं समजूत घालायला आली. "वाद कंच्या हद्दीचा?" त्यांनी विचारलं. सत्तरीच्या माणसाने सिनेमावरून भांडलो असं कोणत्या तोंडाने सांगावं? अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं आणि दोन घरांमधल्या भिंतीकडे बोट दाखवलं. "ही जरा मपल्याकडं सरकलीया." हे कानावर गेल्यावर नानांनाही गप्प बसता येईना. ती आपल्याच बाजूला सरकली आहे, असं त्यांनी जाहीर केलं. कालपर्यंत सरळ उभ्या असलेल्या भिंतीला दोन्हीकडून टेप लागली. दोघांचीही जागा स्वस्तात मिळेल का, म्हणून एक बिल्डर चहाला येऊन गेला.

रविवार चालूच राहिले. अण्णा आवाज मोठा करून बसत आणि प्रत्येक मत भिंतीकडे तोंड करून देत. पलीकडून कधी खोकला यायचा. तो आला की अण्णांची कळी खुलायची. नानांच्या खुर्चीच्या जागी मात्र कुणाला बसू देत नसत. इरफान एकदा म्हणाला, "अण्णा, जाऊ द्या ना. एकदा बोला त्यांच्याशी."

"त्यानं म्हणावं, झग्यावाला मेला. मग म्या बोलतो."

ते ऐकायच्या आधीच अण्णा गेले. दुपारी जेवून लवंडले ते उठलेच नाहीत. मला फार वाईट वाटलं. वडिलांशी जितकं बोललो नसेन तितकं मी त्यांच्याशी सिनेमांवरून भांडलो होतो.

दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर पिंड मांडला. झाडावर कावळे होते, पण एकही खाली येईना. मुलाने खोल्या नीट सांभाळीन म्हणून सांगितलं. मुलीने आईची काळजी घेईन म्हटलं. कावळे ढिम्म. "भिंतीत जीव आडाकलाय," कुणीतरी कुजबुजलं. सगळ्यांच्या माना नानांकडे वळल्या. नाना पुढे आले, हात जोडले. "भिंत तुपली, अण्णा. पाहिजे तर मपली पडवी बी घे." कावळ्याने मान फिरवली.

नाना तिथेच उभे राहिले. मग सगळ्या भावकीसमोर म्हणाले, "बरं बाबा. मेला त्यो. झग्यावाला मेला. मेलेलं माणूस परत येत न्हाई. तुपलंच खरं."

कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला. पाव्हण्यांना कळेना, हा झग्यावाला कोण. आम्ही भाडेकरू मात्र माना खाली घालून रडत होतो, आणि इरफानला रडता रडता हसू आवरत नव्हतं.

पुढे त्या सिनेमाचा पुढचा भाग आला. नाना आपली खुर्ची घेऊन आले आणि अण्णांच्या खुर्चीशेजारी ती मांडून बसले. मध्यावर डोंगर हलला, दगड बाजूला झाले आणि झगा झटकत तो बाहेर आला. पोरांनी शिट्टी मारली आणि मग सगळ्यांना एकदमच अण्णांची आठवण झाली. नानांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"पोरांनो," ते हळूच म्हणाले, "ह्यातलं एक अक्षर घाटावर बोलायचं न्हाई. कावळ्यांनी अण्णाला सांगितलं, तर त्यो परत मपल्याशी बोलायचा बंद व्हईल."