एकचा बिल्ला

सांभाळून घेणाऱ्या माणसांची मला शिसारी येते. आजची नाही, आठवीपासूनची.

तेव्हा इंदिरानगरात निम्मे प्लॉट रिकामे होते. समोरच्या घरातल्या माझ्या मित्राला त्याच्या मामाने अमेरिकेहून एका खेळाचं पुस्तक आणून दिलं. पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाने कागदावर आपला एक वीर लिहून काढायचा आणि एकाने पंच होऊन सांगायचं, समोर भुयार आहे, आत काहीतरी घुरघुरतंय, बोल, काय करतोस? पंच अर्थातच मित्र, कारण पुस्तक त्याचं. खेळणारे आम्ही दोघं, मी आणि त्याची थोरली बहीण. तिला मी ताई म्हणायचो.

पुस्तकाबरोबरचा वीस बाजूंचा फासा मामाच्या सामानातच गहाळ झाला होता. म्हणून आम्ही महिला मंडळाचा हाउजीचा डबा मागून आणायचो, त्यातले एक ते वीस बिल्ले कापडी पिशवीत टाकायचो आणि संकट आलं की पिशवीत हात घालायचो. एक निघाला की वीर मेला. मग त्याचा कागद सगळ्यांसमोर फाडायचा. रडारड नाही, परत संधी नाही. पुढे कॉलेजात नवी पोरं हाच खेळ खेळताना दिसली, तर त्यांच्यात कोणी मरतच नव्हतं. फार तर पाय मुरगळायचा. ‘मजेसाठी तर खेळतो,’ असं ती म्हणायची. मला वीट आला होता त्यांचा, पण एक आहे, ती उघड उघड तसं खेळत होती.

माझा पहिला वीर तिसऱ्याच रविवारी मेला. मी कागद फाडला, घरी आलो आणि दोन दिवस धड जेवलो नाही.

दुसरा मात्र टिकला. भालाईत होता. आठ महिने तो प्रत्येक भुयारात सगळ्यांच्या पुढे घुसला, एकदाही मागे फिरला नाही. तेवढ्या काळात ताईचे तीन वीर मेले. ती कागद फाडत असताना मी तिला शहाणपण शिकवायचो. ‘ताई, तू घाबरतेस ना, म्हणून मरतेस.’ ती मान खाली घालून तुकडे गोळा करायची आणि गालात हसायची. ते हसू आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. महिला मंडळाने दुपारी हाउजी ठेवली होती, फुल हाउसला बक्षीस झाकणाचा मोठा स्टीलचा डबा. आईचं सगळं तिकीट खोडून झालं, फक्त एक आकडा राहिला. एक. ती पेन्सिल धरून बसून राहिली. आकडे निघत गेले आणि शेवटी पलीकडच्या गल्लीतल्या बाईंनी डबा नेला.

“माझा एक काही निघालाच नाही,” आई म्हणाली. बायकांनी बिल्ले ओतून मोजले. नव्वदऐवजी एकोणनव्वद भरले.

हाउजीचा डबा शेवटचा आम्ही वापरला होता. मित्राला बोलावलं, तर त्याने निमूटपणे कंपासपेटी उघडून एकचा बिल्ला काढून दिला. माझी पाळी यायच्या आधीच तो हा बिल्ला पिशवीतून काढून घ्यायचा आणि नंतर परत टाकायचा. गेल्या रविवारी परत टाकायचा राहिला होता.

“का केलंस असं?” मी विचारलं.

“पहिला मेला तेव्हा तू जेवला नव्हतास. काकूच म्हणाल्या होत्या, पुढच्या वेळी त्याला मारू नको रे.” तो माझ्या आईकडे बघत म्हणाला.

ताई ओतलेले बिल्ले परत डब्यात भरत होती. तिला पहिल्यापासून माहीत होतं. आईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “जाऊ दे रे. डब्यांना काय तोटा आहे घरात?”

तिचा डबा गेला याचं मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तिघांचीही किळस आली. माझ्या पाठीमागे ठरवून, माझ्या ताटातली मिरची काढून ठेवल्यासारखं त्यांनी माझं मरण काढून ठेवलं होतं, आणि मी आठ महिने छाती काढून फिरत होतो.

पुढच्या रविवारी मी स्वतः वीस बिल्ले मोजून पिशवीत टाकले. एकचा बिल्ला तिघांना दाखवून मगच टाकला. पिशवी माझ्या मांडीवर घेतली आणि मित्राला म्हटलं, चालव आता.

“समोर दार आहे,” तो म्हणाला. “आत काहीतरी श्वास घेतंय. काय करतोस?”

मी पिशवीत हात घातला. बिल्ले बोटांना लागत होते. ताई माझ्याकडे बघत होती, या वेळी न हसता.

मी हात रिकामाच बाहेर काढला.

“मागे फिरतो,” मी म्हणालो.