हिलालभाऊंची पापणी

जळगावच्या भाजीबाजारात लीलाधरशेठच्या अडतीवर हिलालभाऊ लिलाव पुकारायचे. पालथ्या घातलेल्या लाकडी खोक्यावर उभं राहून त्यांनी पहिली हाक दिली की टपरीवर बसलेले व्यापारी अर्धा चहा टाकून उठत. आवाज नुसता मोठा नव्हता, त्यात गंमत होती. आसोदा-भादलीकडची भरिताची वांगी आली की त्यातलं एक हातात उंच धरून ते म्हणत, "पाहा, कसं बाळसं धरलंय! निखाऱ्यावर ठेवताना तुमच्या जिवावर येईल, खाताना मात्र येणार नाही." डागी टोमॅटोलाही ते असं काही बोलत की घेणारा हसत हसत बोली वाढवी.

राहायला ते पिंप्राळ्यात. घरात बायको भिकुबाई आणि दोन मुली. भिकुबाईंचं माहेर नरडाण्याजवळचं, त्यामुळे त्यांच्या तोंडी कायम अहिराणी. सगळ्या बाजाराला बोलण्यात गुंडाळणारे हिलालभाऊ घरी बायकोशी तिच्याच बोलीत भांडत आणि बहुतेक वेळा हरत.

एक्याण्णवच्या हिवाळ्यात, वांग्यांचा हंगाम भरात असताना, त्यांच्या आवाजाला काहीतरी झालं. सकाळी पहिली हाक खणखणीत यायची. पण लिलाव अर्ध्यावर आला की शब्द नाकातून यायला लागायचे आणि शेवटी शेवटी तर "तीन बार" म्हटलं की काय म्हटलं तेच कळायचं नाही. सर्दी असेल म्हणून भिकुबाईंनी काढे पाजले. बाजारात कुणी कुणी त्यांच्या तोंडाचा वास घेऊन पाहिला. वास आला तो फक्त काढ्याचा.

मग डावी पापणी उतरायला लागली.

त्या दिवशी वांग्यांच्या एका मोठ्या ढिगावर बोली चालली होती. एकीकडे जळगावचाच नथ्थू, साधा, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला माणूस. दुसरीकडे भुसावळहून रेल्वे कॉलन्यांसाठी माल न्यायला येणारा देवचंद. बोली नथ्थूवर येऊन थांबली आणि देवचंद ओरडला, "थांबा! हा नथ्थूला डोळा मारतोय!"

"मला?" नथ्थू दचकून मागे सरकला. "मला कशाला कोण डोळा मारेल?"

बाजार हसला. देवचंद हसला नाही. "मी दोन दिवसांपासून पाहतोय. माल सुटायची वेळ आली की याचा डावा डोळा मिटतो. ही खूण आहे."

"अरे देवचंद," हिलालभाऊ म्हणाले, "डोळाच मारायचा तर नथ्थूपेक्षा चांगलं तोंड शोधलं असतं मी." पण हे सगळं नाकातून, ओढत ओढत आलं. पापणी तशीच खाली. ज्यांना शंका नव्हती त्यांनाही ती आली.

लीलाधरशेठनी त्यांना गाळ्यात बोलावलं. "हिलाल, मी तुला ओळखतो. पण लिलावात एकदा शंका शिरली की गिऱ्हाईक समोरच्या अडतीवर जातं. थोडे दिवस घरी बस."

घरी बसले आणि डोळा टक्क उघडा! आरशासमोर उभे राहून त्यांनी मुलींना तो उघडझाप करून दाखवला. आनंदाने पुन्हा बाजारात गेले. तासाभरात पापणी पुन्हा खाली. कुणाच्या सांगण्यावरून चष्मा घेतला. चष्म्याच्या भिंगातून मिटलेली पापणी लांबच्या माणसालाही स्पष्ट दिसायला लागली, एवढाच फरक पडला. शेवटी ते खोक्यावर चढायचे थांबले आणि गाळ्यात गोण्या मोजत बसले. त्या काळात ते घरी फारसं बोलत नसत, आणि भिकुबाईंना भांडणात जिंकण्याची गोडी राहिली नाही.

उन्हाळ्यात भिकुबाईंच्या भावाकडे, वनाकडे, लग्न निघालं. नरडाण्याला मांडवात वरण-बट्टीच्या पंगती उठत होत्या. हिलालभाऊंनी पहिली बट्टी आवडीने खाल्ली. दुसरीच्या वेळी त्यांचा जबडा चालेना. त्यांनी डाव्या हाताने हनुवटीला आधार दिला आणि हातानेच जबडा वर ढकलत घास चावला. तेवढ्यात शेजारच्याने काहीतरी विनोद केला. भाऊ हसले, पण ओठांचे कोपरे वर गेलेच नाहीत, नुसते दात दिसले.

वाढायला आलेला वना बहिणीपाशी गेला. "अक्का, पाव्हना रागावनात का?"

भिकुबाईंनी पाहिलं आणि त्या पंगतीतच नवऱ्यासमोर येऊन बसल्या. "तुमनं तोंड हासस का रागावस, काहीच समजत नही. डोया, आवाज, आते जबडा. सकायले बठ्ठं चांगलं ऱ्हास, आन वापरं का थकस. उद्या धुळे जावानं."

"लग्नघरातून?"

"लग्न तुमनं नही शे."

दुसऱ्या दिवशी वना त्यांना घेऊन धुळ्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात गेला. तिथे त्यांना डॉक्टर तायडे भेटले. तिशीचे असतील. वडील भुसावळला रेल्वेत फिटर, त्यामुळे लहानपणी घरी येणारी भाजी जळगावच्याच बाजारातली असे, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाऊ, मान न हलवता वरच्या पंख्याकडे पाहत राहा."

हिलालभाऊ पाहत राहिले. थोड्या वेळाने डावी पापणी हळूहळू खाली सरकायला लागली. मग उजवीही. डॉक्टरांचा चेहरा उजळला. आपल्या दुखण्याने एखाद्याला इतका आनंद होतो हे पाहून भाऊंना जरा विचित्रच वाटलं.

डॉक्टरांनी रस्त्यावरच्या रसवंतीतून बर्फ मागवला, रुमालात गुंडाळून मिटलेल्या डोळ्यावर धरायला दिला. रुमाल काढला तेव्हा पापणी वर गेली होती.

"म्हंजे उष्णता शे आंगमा!" भिकुबाई म्हणाल्या.

"उष्णता नाही, अक्का. थंडाव्याने जरा वेळ काम चालतं, एवढंच. आता एक इंजेक्शन देतो. मला वाटतं तेच असेल तर लगेच कळेल."

इंजेक्शन दिलं. सगळे वाट पाहत बसले. वॉर्डातल्या खाटांवरचे पेशंटही उशीवर कोपर टेकून पाहायला लागले. काही वेळाने भाऊंनी घसा खाकरला आणि तो खाकरण्याचा आवाजच इतका ठणठणीत आला की ते स्वतःच चमकले.

"बोला काहीतरी," डॉक्टर म्हणाले.

"काय बोलू?"

"तुम्ही लिलाव पुकारता ना? पुकारा."

भाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या खाटेजवळ स्टुलावर एक पपई होती. ती त्यांनी उचलली, तळहातावर तोलली, आणि कितीतरी महिन्यांनी त्यांची हाक निघाली. "बोला, बोला! ही पपई नाही, सकाळचं ऊन आहे! आजाऱ्याने खाल्ली तर बरा होईल, बऱ्याने खाल्ली तर डॉक्टर होईल! पहिली बोली कुणाची?"

वॉर्डाच्या त्या टोकापासून बोली आली. मग दुसरी, तिसरी. पायाला प्लास्टर असलेला एक म्हातारा तर हट्टालाच पेटला. सिस्टर सुमनबाई औषधांचा ट्रे घेऊन आत आल्या, त्या गडबडीत त्यांनी "काय चाललंय?" म्हणून हात वर केला आणि भाऊंनी पपई त्यांच्या नावावर सोडली. "एक बार, दोन बार, तीन बार!" तेव्हा शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. "अहो, माझी पपई आहे ती!"

वॉर्ड खदखदून हसला. हिलालभाऊही हसले, आणि या वेळी ओठांचे कोपरे वर गेले. वना भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता.

संध्याकाळी डॉक्टर तायड्यांनी दोघांना समोर बसवलं. "आजाराचं नाव मायस्थेनिया. मेंदूचा निरोप नसांमधून स्नायूपर्यंत येतो, पण स्नायूवर तो निरोप घ्यायच्या ज्या जागा आहेत त्या अडवल्या जातात. सुरुवातीला काम चालतं, मग वापरता वापरता निरोप पोचेनासा होतो."

"अडवतं कोण?" भाऊंनी विचारलं.

"तुमचंच रक्त. बाहेरचे जंतू आले की त्यांना मारायला शरीरात पेशी असतात, त्या मारक द्रव्यं तयार करतात. इथे त्यांनी तुमच्याच स्नायूंना परकं धरलंय."

भाऊंचं तेवढ्याने समाधान झालं नाही. "पण डॉक्टरसाहेब, आपलं कोण नि परकं कोण, हे त्यांना कळतं कसं? म्हणजे बाकीच्या लोकांच्यात?"

डॉक्टरांना हा प्रश्न आवडला असावा. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वर एक ग्रंथी असते. थायमस. लहानपणी मोठी असते, वय वाढलं की आक्रसते. नवीन पेशी तिथे जातात, जणू शाळेतच. तिथे त्यांना आपल्या शरीराचे नमुने दाखवले जातात. जी पेशी आपल्याच शरीरावर धावून जाते तिला तिथेच मारून टाकतात. आत गेलेल्यांतल्या फार थोड्या पास होऊन बाहेर पडतात. तरी काही चुकार निसटतातच. मग त्यांना बाहेर आवर घालणारीही व्यवस्था आहे. तुमच्या माझ्या सगळ्यांच्या अंगात असे चुकार असतात, पण त्यांचं काही चालत नाही."

"आन ह्यास्नं काय चुकनं?" भिकुबाईंनी विचारलं.

"यांचं काहीच चुकलं नाही, अक्का. खाण्यापिण्याने नाही, कुणाच्या नजरेनेही नाही. या आजारात पुष्कळांची ती ग्रंथीच सुजलेली असते, आणि जिथे चुकारांना अडवायचं तिथेच ते पोसले जातात. असं का होतं, ते अजून पुरतं कुणालाच माहीत नाही."

"म्हणजे मास्तरच फितूर!" भाऊ म्हणाले.

डॉक्टर हसले. "तसंच म्हणा."

गोळ्या सुरू झाल्या. पहिले दिवस त्या गोळ्यांनी पोटात अशी मुरड येई की भाऊ लिलाव सोडून पळत. पण आवाज टिकायचा, डोळा उघडा राहायचा. त्यांनी खोक्यावर चढून सगळ्या बाजाराला आजार समजावून सांगितला, डॉक्टरांपेक्षा जरा रंगवून. "आता डोळा मिटला तर समजायचं गोळीची वेळ झाली!" तेव्हापासून पापणी जरा खाली आली की दहा तोंडांनी ओरडा व्हायचा, "भाऊ, गोळी!" सगळ्यांत मोठा आवाज नथ्थूचा असे.

देवचंद मात्र आठवडाभर दुसऱ्या अडतीवर गेला. मग एक दिवस येऊन खोक्यासमोर उभा राहिला. "मी खूण म्हणालो होतो."

"खूणच होती," भाऊ म्हणाले. "तू पाहिली, आम्हाला दिसली नाही. वांगी घेतोस का, तेवढं सांग."

पावसाळ्यात एका साध्या सर्दीने घात केला. पाणी गिळता येईना, श्वास तोकडा पडायला लागला. पुन्हा धुळे. सात-आठ दिवस डॉक्टर तायडे आणि सुमनबाई त्यांच्या खाटेपासून फारसे हलले नाहीत. त्यातून ते उठले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, "मुंबईला जाऊन थायमस काढून घेऊ या."

भिकुबाई घाबरल्या. "शाळाच काढी टाकी तर पोरे कोठे जातीन?"

"पोरं केव्हाच शिकून बाहेर पडलीत, अक्का. या वयात त्या शाळेवाचून अडत नाही. आणि काढली तर पुष्कळांना हळूहळू गुण येतो. सगळ्यांना येतोच असं मात्र मी सांगणार नाही."

ऑपरेशनसाठी रक्त द्यायला माणूस हवा होता. भुसावळहून देवचंद गाडीत बसला आणि सरळ मुंबईच्या दवाखान्यात हजर झाला. रक्तगट जुळला. भाऊ त्याला म्हणाले, "माझं शरीर माझ्याच स्नायूंना ओळखेना, नि तुझं रक्त ओळखेल?"

"ओळखेल," देवचंद म्हणाला. "रोजची घासाघीस आहे आपली."

छाती उघडून ती ग्रंथी काढली. सुजलेली होती, पण गाठ वगैरे नव्हती. भाऊंना वाटलं होतं, शुद्धीवर येताच सगळं ठीक होईल. तसं झालं नाही. आधी छाती दुखत राहिली, मग महिनोन् महिने काहीच फरक दिसेना. भिकुबाई धीर देत, वेळ पडली तर दटावत. लीलाधरशेठनी लिलावाचे दोन भाग केले आणि मधल्या वेळात नथ्थूला पुकारायला लावलं. नथ्थू इतकं वाईट पुकारायचा की लोक भाऊंची विश्रांती संपायची वाट पाहत. वर्षभराने गोळ्या कमी झाल्या. आणखी वर्षाने निम्म्यावर आल्या. पूर्ण सुटल्या नाहीत, पण दुपारी घरी परतल्यावरही भांडण्यापुरता आवाज उरायला लागला, आणि भिकुबाईंनाही पुन्हा जिंकण्यात मजा यायला लागली.

तपासणीसाठी भाऊ धुळ्याला जात राहिले. शहाण्णवच्या सुमारास एकदा डॉक्टर तायड्यांच्या खोलीबाहेर बाकावर एक बाई बसलेल्या दिसल्या. मंजुळाबाई, शिंदखेड्याच्या शाळेत मास्तरीण. दोन्ही पापण्या अर्ध्या मिटलेल्या, मान हाताने सावरलेली. वर्गात कविता म्हणता म्हणता आवाज जातो, मुलं हसतात, असं त्या नाकातून सांगत होत्या. आपण कुणाचं काय वाईट केलं, हे त्यांना कळत नव्हतं.

भाऊ त्यांच्या शेजारी बसले. "काही वाईट केलं नाही, ताई. डॉक्टर आत सगळं सांगतील. ते छताकडे पाहायला लावतील, मग बर्फ मागवतील. घाबरू नका. इंजेक्शन दिल्यावर ते म्हणतील, काहीतरी बोला. तेव्हा काय बोलायचं ते आताच ठरवून ठेवा, ऐन वेळी सुचत नाही."

बाईंनी जरा विचार केला. "पाढे म्हणू?"

"पाढे!" भाऊ म्हणाले. "एकोणतिसाचा म्हणा. वॉर्डात कुणालाच येत नसेल, चुकलात तरी कळायचं नाही."

मंजुळाबाई हसल्या. ओठांचे कोपरे वर गेले नाहीत, नुसते दात दिसले. पण ते हसू होतं हे हिलालभाऊंना कुणी सांगायला नको होतं. आतून शिपायाने बाईंचं नाव पुकारलं, तेही इतक्या बारीक आवाजात की भाऊंना राहवलं नाही. त्यांनी उठून सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं ते नाव पुन्हा पुकारलं आणि बाईंसाठी दार उघडून धरलं.