शेऱ्याचा रकाना

रुग्णालयात सगळे त्याला जपूनराव म्हणत. दुधाने कधी तोंड पोळलं नव्हतं, तरी हा गडी ताक फुंकून पिणारा. वीस वर्षं संगणकाच्या खोलीत बसून त्याने रुग्णांच्या नोंदी सांभाळल्या आणि घरी जाताना रोज कुलूप तीनदा ओढून पाहिलं.

इथे लिहिलेली प्रत्येक नोंद टेकडीपलीकडच्या शाखेतल्या संगणकावर आपोआप उतरायची. मधली लाइन मात्र बारीक. सकाळची गर्दी झाली की नोंदी तास तास तुंबायच्या आणि शाखेतले डॉक्टर फोनवर त्याचा उद्धार करायचे. त्याने नोंदी आवळून, लहान करून पाठवल्या; तरी भागेना. मग सगळ्यात जड काय जातंय ते शोधलं, तर शेऱ्याचा रकाना. वीस शेरे वाचले. 'फोन उचलत नाही.' 'पुढच्या वेळी चष्मा आणणे.' झाली शितावरून भाताची परीक्षा! जपूनरावाने तेवढा रकाना पाठवणं बंद केलं. लाइन मोकळी झाली, मोठ्या डॉक्टरांनी पाठ थोपटली.

अकरा दिवसांनी त्याची ताई तापाने फणफणून शाखेत दाखल झाली. चहा पिताना त्याने हे मुख्य नर्सबाईंना सांगितलं.

"काळजी करू नका," बाई म्हणाल्या. "त्यांना तापातलं ते नेहमीचं इंजेक्शन चालत नाही, हे मागे त्या इथे आल्या होत्या तेव्हा मीच लिहून ठेवलंय."

"ॲलर्जीच्या चौकटीत ना?"

"त्या चौकटीत दोन शब्द मावत नाहीत हो! आम्ही सगळ्याजणी शेऱ्यातच लिहितो."

तो चहा तसाच टाकून फोनकडे धावला. शाखेचा नंबर तिसऱ्या खेपेला लागला. बोबडी वळलेली, तोंडातून फक्त "ताई, ताई" निघत होतं. तिकडच्या नर्सने फोन ताईकडेच दिला.

"अरे, सुई भरून आणली होती यांनी! मी ओरडले म्हणून वाचले. तुमच्या संगणकात काही लिहीत नाहीत का रे?"

त्याचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. ताईला ओरडता आलं. ज्यांना शुद्धच नव्हती, त्यांचं काय?

त्याने आधी रकाना सुरू केला. मग या अकरा दिवसांत शाखेत गेलेले, शेऱ्यात औषधाची सूचना असलेले रुग्ण काढले. त्रेसष्ट निघाले. यादी घेऊन तो मोठ्या डॉक्टरांपुढे उभा राहिला आणि सगळं कबूल केलं. नोकरी जाईल, याची भीती आता त्याला वाटतच नव्हती. दुसरीच भीती उरावर बसली होती.

डॉक्टरांनी यादी चाळली. "एवढे घाबरू नका. एकाचीही तक्रार आलेली नाही."

"तक्रार करायला माणूस उरायला हवा ना, साहेब."

डॉक्टरांनी टेबलावरचा फोन त्याच्याकडे सरकवला. जपूनरावाने यादीतला पहिला नंबर फिरवला. रिंग वाजत राहिली, कुणी उचलेना. त्याने तोच नंबर पुन्हा लावला.