पाण्यावरचा तवंग

धक्क्यावरच्या त्या वर्कशॉपात बोटींची इंजिनं इतकी वर्षं ताईच्याच हाताखालून जात. मग धाकट्या भावाचं लग्न झालं आणि मोठ्या बोटींच्या इंजिनांवर काम केलेली त्याची बायको घरात आली. बघता बघता गिऱ्हाइकं विचारू लागली, "वहिनी आहेत का?" ताई म्हणायची, "नव्याची नवलाई." पण पोटात दुखायचं ते दुखायचंच.

एके दिवशी एक बोटवाला परत आला. इंजिन थंड करून त्याच्या एग्झॉस्टमधून पडणाऱ्या पाण्यावर तेलाचा तवंग येत होता, म्हणून ताईनंच मागच्या खेपेला डिझेल फवारणारे इंजेक्टर बदलून दिले होते.

"ताई, तवंग काही जात नाही हो."

"डिझेल नीट जळत नसणार. परत बघते." म्हणाली खरी, पण तिचे कान तापले.

वहिनीनं एग्झॉस्टखाली बादली धरली, तवंग बोटावर घेऊन चोळला, हुंगला. "याला डिझेलचा वास नाही. काळपट, बुळबुळीत आहे. इंजिन ऑइल आहे हे."

ताईचे बाबा खुर्चीत बसले होते, त्यांनी मान डोलावली. ताईचा तिळपापड झाला. "मग पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील. उघडा सगळं इंजिन!"

"पण ताई, रिंगा गेल्या की निळा धूर येतो, तो कुठंय? आणि इंजिन सुरूही एका झटक्यात होतंय."

ते खरंच होतं. त्याच क्षणी ताईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ऑइल कूलर! आतल्या नळ्यांतून पाणी वाहतं, बाहेरून तेल. नळीला भोक पडलं की तेल पाण्यात, आणि ते पाणी थेट एग्झॉस्टमध्ये. तिनं तोंड उघडलं, तोवर वहिनी म्हणाली, "कूलर काढून बघू या."

"शाब्बास, पोरी!" बाबा म्हणाले. हा शब्द आजवर त्या घरात फक्त ताईच्या वाट्याला आला होता.

कूलरचा मागचा बोल्ट गंजून बसला होता. वहिनीचा हात पोचेना. ताईनं तिला मुद्दाम झटू दिलं, पार घामाघूम होऊ दिलं, मग पुढे होऊन आडव्या पान्यानं बोल्ट सोडवला. तेलाच्या बाजूनं हवा भरून कूलर पाण्यात बुडवला, तर एका नळीच्या तोंडातून बुडबुडे निघाले.

दुसरा कूलर बसवल्यावर पाणी स्वच्छ पडू लागलं.

"कुणी शोधलं हो?" बोटवाल्यानं विचारलं.

"आम्ही," ताई चटकन म्हणाली.

वहिनीनं ऐकलं, आणि ती हात पुसत राहिली. भांडली असती तर परवडलं असतं, असं ताईला वाटून गेलं. बोट लांब गेल्यावर तिच्यानं राहवेना.

"कूलर मलाही सुचला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तू आधी बोललीस."

वहिनीला हसू फुटलं. ताईला काही हसता आलं नाही. दोघी वर्कशॉप बंद करून घरी निघाल्या, पण ताई मुद्दाम थोडी पुढे चालत होती.