पत्रेवालीचा खालचा ओठ

पत्रेवालीचं तोंड कामावर कधी रिकामं नसे. छपरावर चढली की ओठांत सात-आठ खिळे. जिभेनं एकेक पुढे ढकलायचा, चिमटीत धरायचा, ठोकायचा. तीस वर्षं हेच. त्यामुळे खालचा ओठ पांढुरका, खरखरीत झाला तेव्हा तिनं सगळं खापर खिळ्यांवर फोडलं. गंज बाधला म्हणे! वर्षभर खिळे घासूनपुसून तोंडात धरले, तरी ओठाची सालपटं निघतच राहिली.

डॉक्टरीणबाईंनी ओठाचा तुकडा तपासला आणि गंजाची गोष्ट निकालात काढली. हे उन्हाचं काम. अजून कॅन्सर नाही, पण असंच सोडलं तर होऊ शकतो. लेसरनं खराब थर जाळायचा, मग नवी कातडी येते.

सोबत आलेल्या मुलानं तिथल्या तिथे जाहीर केलं, की आईचं छपरावर चढणं आजपासून बंद. जिनं छपरं ठोकून याला लहानाचा मोठा केला, तिलाच हुकूम! पत्रेवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॅन्सरच्या नावाची धास्ती तिलाही होती, नाही असं नाही. पण घरी बसायच्या कल्पनेनं जीवच घाबरा झाला.

"ऊन टाळू, की काम?" तिनं डॉक्टरीणबाईंनाच विचारलं.

"ऊन. मोठी टोपी घाला, ओठाला मलम लावा, भर दुपारी वर चढू नका."

"मग झालं तर."

ओठ बधिर करून लेसर फिरवला. पुढचे दहा दिवस तिचे हाल कुत्रा खाईना. ओठ सुजून टम्म, पोटात काय ते चमच्यानं गार दूध. आई बोलू शकत नाही ही संधी साधून मुलानं तिची शिडी विकायला काढली. तिनं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, की शिडीला हात लावशील तर याद राख.

महिन्यानं ओठ भरून आला. डॉक्टरीणबाईंनी हो म्हटल्यावर दुसऱ्याच दिवशी, उजाडता उजाडता, बाई एका गोदामाच्या छपरावर. डोक्यावर टोपी, खिळे कमरेच्या पिशवीत. प्रत्येक खिळ्यासाठी पिशवी चाचपावी लागे, काम निम्म्यानं हळू. ती स्वतःलाच शिव्या घालत ठोकत होती.

मुलगा खाली येऊन उभा राहिला. आधी विनवलं, मग चिडला.

"तुला काही झालं तर मी काय करू?"

त्याच्या आवाजातलं रडू तिला कळलं. हातोडा थांबला, पण ती उतरली नाही.

"सहा महिन्यांनी ओठ परत दाखवायचाय," ती म्हणाली. "तेव्हा सोबत ये. तिथे मला एकटीला भीती वाटते. इथे नाही वाटत."

आणि तिनं पुढचा पत्रा ओढला.