बारकीसाठी कॉर्नेट

बँडवाले त्याला ‘कान’ म्हणत. “कानाला दाखवून आण,” एवढं म्हटलं की कुणाकडे जायचं ते वाजवणाऱ्याला कळायचं. पितळी वाद्यं दुरुस्त करण्याचं वडिलांचं दुकान आता तो चालवत होता. पोचे काढणं, गळक्या नळ्या झाळणं, अडकलेले पिस्टन मोकळे करणं हे झालं हातांचं काम. नाव मात्र त्याने कानांवर कमावलं होतं. दोन स्वर ऐकून तो सांगायचा की नळी कुठे चेपली आहे. स्वतःला वाजवता येत नव्हतं. वरचे दोन दात एकमेकांवर चढलेले, त्यामुळे फुंक कडेने निसटून जायची. “कान दिले ते ऐकायला, आणि दात दिले ते माझ्या हातचं चावायला,” असं त्याची बायको गिऱ्हाइकांसमोरसुद्धा म्हणायची.

वाजवायची ती बारकी, त्याची धाकटी बहीण.

वडील दुकान चालवत तेव्हा त्यांचा एक नियम होता. दोन कॉर्नेटांची, म्हणजे बँडातल्या त्या आखूड ट्रम्पेटसारख्या वाद्यांची, तुलना करायची तर वाजवणारं तोंड एकच, ओठांना लावायचा माऊथपीस एकच, वाजवायचे ते आठ स्वर आणि ती संथ चाल तीच. ऐकणाऱ्याने मागच्या बोळातल्या बाकावर दाराकडे पाठ करून बसायचं. वाद्य डोळ्यांना दिसलं की कान त्याची चमक ऐकायला लागतात, असं वडिलांचं मत होतं. मग बारा वर्षांची बारकी आत स्टुलावर चढून एकामागून एक कॉर्नेट वाजवायची आणि बाहेर बाप-लेक भिंतीकडे तोंड करून बसायचे.

“हे चांदीच्या मुलाम्याचं. याला धार आहे, पण खाली अंग नाही,” तो सांगायचा. “हे शाळेतल्या मुलांचं, अरुंद नळीचं. चटकन बोलतं, लवकर संपतं. आणि हे आपलं.”

आपलं म्हणजे बारकीचं. रुंद नळीचं, रोगण उडालेलं, फळीवरच्या हुकाला टांगलेलं. त्याची तुलना करायची नसली तरी शेवटी ते ती वाजवायचीच. बोळात तो आवाज यायचा तो कुणीतरी जाड रजई उलगडावी तसा, एकेक घडी. त्याला तो ओळखायला कधी श्रम पडले नाहीत.

एकविसाव्या वर्षी बारकीचं लग्न झालं. सासर दीड दिवसाच्या प्रवासावर. घर लागलं की कॉर्नेट मागवून घेईन, असं सांगून ती गेली. सहा महिन्यांनी एक बँडमास्तर कॉर्नेट शोधत आला. दुकानात तीन होती. वडिलांनी ती त्यालाच वाजवायला दिली आणि मुलाला बोळात बसवलं. यातलं सगळ्यात चांगलं बारकीसाठी ठेवावं आणि उरलेल्यातलं एक द्यावं, असा त्यांचा साधा हिशेब होता.

“तिसरं मंद आहे बाबा,” त्याने बाहेरून सांगितलं. “आवाज उठतच नाही. द्यायचं तर ते देऊन टाका.”

आत आला तेव्हा बँडमास्तर निघून गेला होता आणि हुक रिकामा होता.

वर्षभराने बारकी आली, कडेवर मूल घेऊन. हुकाकडे पाहिलं. तिच्यासाठी ठेवलेलं चकचकीत कॉर्नेट वडिलांनी पुढे केलं, तेही पाहिलं. मग म्हणाली, “पाणी दे ना दादा.” त्यानंतर चौतीस वर्षं त्या विषयावर कुणी बोललं नाही.

त्या चौतीस वर्षांत त्याच्या हातांखालून शेकडो कॉर्नेटं गेली. बोळात बसून वेगवेगळ्या माणसांची फुंक ऐकताना तो नेहमी मनातल्या मनात त्या आवाजासाठी थोडा पुढे झुकायचा, आणि पुन्हा मागे टेकायचा. गेल्या वर्षी बंद पडलेल्या एका बँडच्या सामानात त्याला अगदी बारकीच्या कॉर्नेटच्याच बनावटीचं कॉर्नेट मिळालं. अकरा महिने तो त्याच्यामागे होता. तोंडाकडची नळी बदलली, पिस्टन घासून बसवले, बेलची, म्हणजे पुढच्या कर्ण्याची, कड हाताने गोल केली. हे कुणासाठी, असं बायकोने विचारलं तर तो म्हणायचा, “बघू.”

आणि तीन आठवड्यांपूर्वी बारकीचा फोन आला. न्यूमोनियाने फुप्फुसं धरली होती, दवाखान्यात दहा दिवस काढून ती घरी आली होती.

“डॉक्टरणीने एक प्लॅस्टिकचं खेळणं दिलंय. नळीतून श्वास ओढायचा की तीन गोळ्या वर उचलल्या जातात. दिवसभर गोळ्या उचलतेय मी. ना सूर, ना ताल. तिला विचारलं, कॉर्नेट चालेल का? म्हणाली, हळूहळू. तुझ्याकडे आहे का एखादं?”

“बघतो,” तो म्हणाला. फोन ठेवल्यावर ताटावर बसला आणि जेवायचं विसरला. त्या दुरुस्त केलेल्या जुन्या कॉर्नेटवर तिची फुंक पडायला हवी होती. तो आवाज एकदा ऐकायचा आणि ते तिच्या हाती देऊन तिला पाठवायचं, एवढंच त्याला हवं होतं.

ती आली ती दुकानाच्या तीन पायऱ्या दोनदा थांबून चढत.

“आधी टेका बघू वन्सं,” बायको म्हणाली. “वाद्यं कुठे पळून जात नाहीत.”

“पळतात की,” बारकी हसत म्हणाली. त्याने मान खाली घालून वडिलांचा माऊथपीस पुसायला घेतला.

टेबलावर तीन कॉर्नेटं होती. मुलाम्याचं, शाळेचं, आणि ते. तिने नुसता माऊथपीस ओठांना लावून जरा वेळ भुणभुण केली, आणि त्याला म्हणाली, “तू इथे काय उभा? बोळात जा. पाठ कर.”

“आता कशाला ते?”

“नियम म्हणजे नियम.”

तो बाकावर जाऊन बसला. गुडघे भिंतीला लागले. पहिलं कॉर्नेट वाजलं. लख्ख, कडक, वरचा स्वर टाचणीसारखा. मुलाम्याचं. दुसऱ्याचा पहिला स्वर चिरकला, मग सावरला, आणि खालच्या स्वरांवर आल्यावर एकदम मऊ झाला. चाल सुरू झाली. घाई नाही, ताण नाही. त्याच्या हातांवर काटा आला. तिसरं मात्र धापा टाकतच निघालं. दुसऱ्या ओळीला तुटलं आणि आतून खोकला ऐकू आला.

तो उठून आत आला. “दुसरं,” तो म्हणाला. “दुसरं आपलं. तिसरं ते शाळेचं, अरुंद नळीत फुंक कोंडली तुझी.”

बारकी खुर्चीत वाकून श्वास गोळा करत होती. तिने बोट दाखवलं. “दुसरं हे.”

ते शाळेचं होतं.

“उलटं सांगतेस.”

“आजवर कधी सांगितलंय?”

बायकोने तोंडाला पदर लावला. “आता गल्लीत काय तोंड दाखवणार? पाटी बदलावी लागेल.”

तो हसला नाही. त्याने जुनं कॉर्नेट उचललं, आत पाहिलं, पुन्हा ठेवलं. “तेव्हाही असंच झालं,” तो म्हणाला. “तुझं कॉर्नेट मीच द्यायला लावलं. तो बँडमास्तर वाजवत होता आणि मी म्हणालो, मंद आहे.”

“ठाऊक आहे मला. बाबांनी पत्रात लिहिलं होतं. दादाच्या कानाने निवडून तुझ्यासाठी चांगलं ठेवलंय, म्हणून.”

“मग घेतलं का नाहीस ते चांगलं?”

“रागाने.” तिने श्वास घेतला. “राग गेला रे नंतर. तोवर पोरं, घर, नोकरी. हात कुठे रिकामे होते?”

“हे एकदा वाजव,” त्याने जुनं पुढे केलं. “मी इथेच उभा राहतो. नुसती पहिली ओळ.”

तिने उभं राहून श्वास भरला. चाल निघाली, आणि खोलीत ती रजई उलगडायला लागली. पहिली घडी, दुसरी. ज्या स्वराची तो वाट पाहत होता तो अजून पुढे होता. तिचे खांदे वर गेले, मानेची शीर ताणली, आणि स्वर मधेच विझला. तिने कॉर्नेट खाली घेतलं.

“हे श्वास पितं रे,” ती म्हणाली. “पोटभर पितं.”

“नळी रुंद आहे.”

“सुंदर केलंयस. पण हे नेलं तर मी ते हुकाला टांगेन आणि बघत बसेन. मला रोज वाजवायचंय, दादा.”

आणखी सहा महिन्यांनी तिचा दम वाढेल, असं म्हणावंसं वाटलं त्याला. तिच्या ओठांचा निळसर रंग पाहून म्हटलं नाही.

थोड्या वेळाने त्याने शाळेचं कॉर्नेट समोर ओढलं आणि पिस्टनची टोपणं उघडली. ती वाजवताना तिचं करंगळीशेजारचं बोट उशिरा खाली जात होतं, ते त्याने पाहिलं होतं. डब्यातून नरम स्प्रिंगा काढून त्याने एकेक बसवली आणि कॉर्नेट तिच्याकडे दिलं.

तिने कळा दाबून पाहिल्या. “तिसरी अजून जरा हलकी होईल?”

त्याने ती परत उघडली. स्प्रिंगेचा एक वेढा कापला, टोक वळवलं, तेल सोडलं. बारकीने बसल्या बसल्याच कॉर्नेट ओठांना लावलं. आवाज पातळ होता, नीटस होता. पूर्वी ती आख्खी ओळ एका श्वासात न्यायची. आता अर्ध्यावर थांबत होती, श्वास घेत होती, पुन्हा पुढे जात होती. तेव्हा बोळात बसून त्याला तिचा श्वास कधी ऐकू आला नव्हता. आता स्वरांपेक्षा तोच मोठ्याने ऐकू येत होता.

चाल शेवटापर्यंत गेली.

“पुन्हा वाजवू?” तिने विचारलं.

त्याने मान डोलावली, आणि तेलाची बाटली हातात तशीच धरून तिच्या शेजारी उभा राहिला.